टाळेबंदीनंतर थेम्सवर पुन्हा बोट काढताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीनंतर १२ एप्रिल २०२१ पासून स्वतःच्या घरातील माणसांसह खासगी किंवा भाड्याच्या बोटीवर रात्रीचा मुक्काम करण्यास पुन्हा परवानगी मिळाली. दिवसाच्या फेरीची मुभा २९ मार्चला ‘घरीच थांबा’ हा आदेश उठल्यापासूनच होती. रेडिंग, मेडनहेड, स्लाव आणि ऑक्सफर्ड या थेम्सकाठच्या पट्ट्यात मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. भारतात जाणे अवघड झालेल्या त्या वर्षात त्यांतील काहींनी एखादी जुनी केबिन असलेली बोट विकत घेतली, तर काही जण भागीदारीत घेण्याच्या किंवा आठवडाभर भाड्याने नेण्याच्या विचारात होते. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. तो एप्रिल २०२१ च्या मध्यावर लिहिला असल्याने यातील साथीविषयक नियम त्या वेळचे आहेत, आणि ते फक्त इंग्लंडला लागू होते. वेल्स व स्कॉटलंडचे नियम वेगळे होते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. परवानगी मिळाली म्हणजे बोट निघण्यास सज्ज झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. बोट महिनोन्‌महिने एका जागी बांधलेली होती, चालवणाऱ्याचा हात मोडला आहे किंवा मुळात बसलेलाच नाही, आणि नदी मात्र हिवाळाभर आपल्या गतीने वाहत राहिली आहे. म्हणून पहिल्या दिवशी कोठेही जायचे नाही, केवळ तपासणी करायची, असे मनाशी ठरवूनच बोटीवर पाऊल ठेवावे.

नियम कोणाचे आणि कोठपर्यंत

त्या काळात येथे दोन प्रकारचे नियम एकाच वेळी लागू होत होते. एक सरकारचे साथीविषयक नियम आणि दुसरे त्या जलमार्गाच्या व्यवस्थापनाचे. एप्रिल २०२१ मध्ये उघड्यावर जास्तीत जास्त सहा जणांना किंवा दोन कुटुंबांना एकत्र येता येत होते. बंदिस्त जागेत मात्र स्वतःच्या घरातील माणसे आणि सपोर्ट बबलमधील (एकट्या राहणाऱ्यासारख्यांना आधारासाठी जोडून घेता येणाऱ्या दुसऱ्या एका घरातील) माणसे यांनाच एकत्र थांबता येत होते. बोटीची केबिन ही बंदिस्त जागा होय. उघड्या डेकवर दोन कुटुंबे बसण्यास कागदोपत्री हरकत नसली, तरी पाच-सहा मीटर लांबीच्या बोटीत दोन कुटुंबांमध्ये दोन मीटरचे अंतर राखणे व्यवहारात जमत नाही, आणि पाऊस आला की सगळे केबिनमध्ये शिरतात. त्यामुळे मित्रांचे कुटुंब सोबत न्यायचे असेल तर काठावर भेटणे, बरोबर जेवणे, पण बोटीत आपल्याच घरातील माणसे घेणे, हेच तेव्हा योग्य होते. पुढचा टप्पा १७ मे २०२१ ला आला. त्या दिवसापासून सहा जणांना किंवा दोन कुटुंबांना बंदिस्त जागेतही एकत्र येता येऊ लागले. आगाऊ पैसे भरताना रद्द करण्याच्या अटी वाचून घ्याव्यात.

जलमार्गांचे व्यवस्थापन एकाच संस्थेकडे नाही, आणि नवशिक्यांचा गोंधळ बहुधा याच ठिकाणी होतो. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंतची सुमारे २०० किलोमीटरची भरती-ओहोटी नसलेली थेम्स आणि तिच्यावरील लॉक (बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे पाण्याचे हौद) एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या ताब्यात आहेत. टेडिंग्टनच्या खाली समुद्राची भरती पोहोचते आणि तेथून पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीची हद्द सुरू होते. इंग्लंडमधील बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. रेडिंगला थेम्सला मिळणाऱ्या केनेट नदीचा पहिला टप्पा, ब्लेक्स लॉकपर्यंतचा, एजन्सीकडे आहे. त्यापुढे ट्रस्टचा केनेट अँड एव्हन कालवा लागतो आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. दोन्ही जलमार्गांवर नेहमी फिरायचे असल्यास गोल्ड लायसन्स नावाचा संयुक्त परवाना मिळतो, परंतु पहिल्या वर्षी त्याची गरज पडत नाही. टेडिंग्टनखाली तर पहिल्या हंगामात जाऊच नये. भरतीची नदी हा निराळाच विषय आहे.

कागदपत्रे

ब्रिटनमध्ये स्वतःच्या आनंदासाठी नदीवर बोट चालवणाऱ्या माणसाला कोणताही परवाना लागत नाही, याचे आपल्याकडून गेलेल्या माणसाला नवल वाटते. परवाना लागतो तो बोटीला. थेम्सवरील वार्षिक नोंदणी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी असते. टाळेबंदीत बोट हललीच नाही म्हणून नोंदणीही करायची राहिली, असे झाले असल्यास ती आधी करून घ्यावी. इंजिन असलेल्या बोटीला बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र लागते आणि ते चार वर्षे चालते. जुनी बोट विकत घेताना त्यावरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. विम्याचा कागदही नीट वाचावा, विशेषतः नदीला जोराचा प्रवाह असताना बोट काढल्यास विमा लागू राहतो की नाही, याविषयीचे कलम. कयाक किंवा उभे राहून वल्हवण्याचा पॅडलबोर्ड असेल तर ब्रिटिश कनूइंग (आता पॅडल यूके) या संघटनेच्या सदस्यत्वातच थेम्सचा परवाना मिळतो. वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

चालवण्याचा परवाना लागत नसला तरी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा अंतर्देशीय जलमार्गांवरील बोटचालकांसाठीचा एक-दोन दिवसांचा अभ्यासक्रम अवश्य करावा. त्यात दोन तासांत जे हाताला कळते, ते वाचून कळत नाही.

बोटीची तपासणी

बोटीवर चढण्यापूर्वी काठावरूनच ती नीट पाहावी. ती नेहमीपेक्षा खोल बसली आहे का, एका बाजूला कलली आहे का, हे पाहिले की तळात पाणी साठले आहे की नाही याचा पहिला अंदाज येतो. ताडपत्रीच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचून ती फाटलेली असू शकते. एप्रिलमध्ये आणखी एक शक्यता असते. महिनोन्‌महिने न हललेल्या बोटीच्या मागच्या कोपऱ्यात किंवा ताडपत्रीच्या घडीत बदकांनी वा पाणकोंबड्यांनी घरटे बांधलेले असते. वापरातील घरटे मुद्दाम मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. घरट्यात अंडी असतील तर पिल्ले निघून जाईपर्यंत बोट तेथेच राहू द्यावी, त्याला इलाज नाही.

आत गेल्यावर प्रथम सर्व खिडक्या व दारे उघडावीत आणि कोणतेही बटण दाबण्यापूर्वी वास घ्यावा. स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोलची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड असतात. घरात गॅस गळला तर दार-खिडकीवाटे निघून जाण्याची थोडी तरी शक्यता असते, बोटीत मात्र तो तळाशी साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. वास आला तर वीज आणि गॅस दोन्ही बंद ठेवून बाहेर पडावे आणि जाणकाराला बोलवावे. वास नसेल तर तळातील पाणी पाहावे. ते स्वच्छ असेल तर बहुधा पावसाचे असते. त्यावर तेलाचा तवंग असेल तर ते नदीत उपसू नये, तेल शोषणाऱ्या कापडाने टिपून घ्यावे.

त्यानंतर बॅटरी पाहावी. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत हिवाळा काढलेली बॅटरी चार्ज झाल्यासारखी दिसते, पण इंजिन दोनदा सुरू केले की बसते, आणि ते दुसऱ्यांदा सुरू करण्याची वेळ नेमकी लॉकमध्ये येते. शंका असेल तर बदलावी. इंधनाचेही तसेच आहे. पेट्रोल जुने झाले की उडण्याजोगा भाग कमी होतो आणि त्यातील इथेनॉल पाणी शोषून घेते. सप्टेंबर २०२१ पासून पंपावरील साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत गेले असल्यामुळे हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी करणे अधिकच गरजेचे झाले आहे. डिझेलच्या टाकीत तळाशी साठलेल्या पाण्याच्या आणि इंधनाच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा चिकट गाळ फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून फिल्टर बदलावा आणि एक जादा फिल्टर जवळ ठेवावा.

बोटीमागे लावलेल्या इंजिनात नदीचे पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणारा छोटा पंप असतो आणि त्यात रबराच्या पात्यांचे चाक असते. बराच काळ न फिरल्यास ही पाती एका बाजूला वाकून तशीच कडक होतात. इंजिन सुरू केल्यावर त्याच्या मागील बारीक छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे. धार करंगळीइतकी जाड नसेल, पण सलग असावी आणि थोड्या वेळाने हाताला कोमट लागावी. अर्ध्या मिनिटात ती दिसली नाही तर इंजिन लगेच बंद करावे, कारण पाण्यावाचून चाललेले इंजिन काही मिनिटांत कायमचे निकामी होऊ शकते. धार नीट आली तर बोट काठाला पक्की बांधलेली असतानाच इंजिन अर्धा तास चालू ठेवावे, आणि मधूनमधून अगदी कमी वेगाने पुढचा व मागचा गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी असल्यास ती ओढून इंजिन खरोखर बंद पडते ना, हेही याच वेळी तपासावे.

पिण्याच्या पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करावी, निर्जंतुक करावी आणि नव्याने भरावी. साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात आणि ते नळाच्या किंवा शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातात. म्हणून पहिल्यांदा नळ सोडताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाणी जोराने उडू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र केबिन असलेल्या बोटींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे. त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि मागे लिहिलेली मुदतही वाचावी. थंडी वाजते म्हणून मागच्या डेकवर ताडपत्री ओढून इंजिन चालवले तर धूर उलटा बोटीत ओढला जातो. तीन बाजू बंद आणि मागची उघडी, ही सर्वांत वाईट अवस्था.

आपोआप फुगणारी लाइफजॅकेट उघडून आतील गॅसची नळी घट्ट बसली आहे ना, हे हाताने फिरवून पाहावे. ती सैल असेल तर जॅकेट पाण्यात पडल्यावर फुगत नाही. त्यातील आपोआप उघडणाऱ्या भागावर बदलण्याची तारीख छापलेली असते. दोरांवर शेवाळ धरले असेल तर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत आणि झिजलेले टाकून द्यावेत. नांगर, त्याची साखळी आणि दोर एकत्र जोडलेले असावेत आणि दोराचे दुसरे टोक बोटीला बांधलेले असावे. हे सांगावे लागू नये, पण लागते.

नदीचा अंदाज घेणे

थेम्स मोठी नदी आहे, तरी ती जागोजागी बंधारे घालून अडवलेली आहे. प्रत्येक बंधाऱ्याच्या शेजारी लॉक असते, म्हणजे दोन दारांमधला पाण्याचा हौद, ज्यातून बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर किंवा उलट नेता येते. लेचलेडच्या सेंट जॉन्सपासून टेडिंग्टनपर्यंत अशी ४५ लॉक केनेटवरील ब्लेक्स लॉक धरून मोजली जातात. पाऊस जास्त झाला की बंधाऱ्यांची दारे उघडली जातात आणि प्रवाह वाढतो. वरून हे चटकन कळत नाही, कारण पाण्याची पातळी फारशी न वाढताही प्रवाहाचा जोर दुप्पट झालेला असू शकतो.

याची सूचना लॉकवरील पाट्यांतून मिळते आणि एजन्सीच्या संकेतस्थळावर प्रत्येक टप्प्याची स्थिती रोज दिलेली असते. पिवळ्या पाटीवर प्रवाह वाढत असल्याचे लिहिलेले असेल तर वल्ह्याच्या होड्यांनी पाण्यात उतरू नये आणि इंजिनाच्या बोटींनी सुरक्षित जागी थांबावे, असा सल्ला असतो. प्रवाह कमी होत असल्याची पिवळी पाटी असेल तर इंजिनाच्या बोटींनी जपून जावे, पण वल्ह्याच्या होड्यांनी तरीही उतरू नये. लाल पाटी म्हणजे जोराचा प्रवाह, आणि तेव्हा कोणीच निघू नये. नवशिक्याने माझ्या मते पिवळी पाटीही लाल समजावी. सुट्टी वाया जाईल, भाड्याचे पैसेही कदाचित जातील, पण बंधाऱ्याच्या दिशेने ओढली जाणारी बोट आवरण्याचे तंत्र पहिल्या हंगामात कोणालाच येत नाही. पाटी नसली तरी पुलाच्या खांबाकडे पाहावे. खांबामागे पाण्याची लांब शेपटी आणि भोवरे दिसत असतील तर प्रवाह जोराचा आहे.

बरोबर कोण आणि काय

आपल्यापैकी अनेकांना पोहता येत नाही, आणि ज्यांना येते तेही तरणतलावाच्या कोमट पाण्यात शिकलेले असतात. एप्रिलमध्ये थेम्सचे पाणी साधारण १० ते १२ अंश सेल्सिअस असते. १५ अंशांखालील पाण्यात अचानक पडल्यास श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो आणि त्यातच पाणी नाकातोंडात जाते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. म्हणून डेकवर असणाऱ्या प्रत्येकाने, बोट बांधलेली असतानाही, लाइफजॅकेट घालावे. मुलांसाठी त्यांच्या वजनाप्रमाणे, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट घ्यावे. मोठ्या भावाचे जॅकेट धाकट्याला चालत नाही. ओढणी, लांब दुपट्टा, साडीचा पदर यांपैकी काहीही दोरांजवळ किंवा इंजिनाजवळ नको, आणि चपलांऐवजी घट्ट बसणारे, घसरण न होणारे बूट घालावेत.

जेवण डब्यातच न्यावे. बोटीच्या एकाच शेगडीवर कांदेपोहे करण्याची हौस सर्वांना असते आणि ती पुढे अवश्य भागवावी, पण पहिल्या फेरीत गॅस पेटवूच नये. हातांना लावायचे जंतुनाशक द्रव मद्यार्काचे असते. ते लावलेले हात पूर्ण सुकल्याशिवाय काडी पेटवू नये किंवा पेट्रोलच्या टाकीला हात लावू नये. त्याची मोठी बाटली उन्हात तापणाऱ्या डेकवर ठेवू नये.

पहिली फेरी

पहिली फेरी दोन तासांपेक्षा मोठी नसावी आणि तिच्यात लॉक नसावे. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे. इंजिनात जोर आहे की नाही ते जाताना कळते आणि परतताना प्रवाहाचे साहाय्य मिळते. रेडिंगजवळील कॅव्हर्शम आणि सॉनिंग या दोन लॉकमधील सुमारे चार किलोमीटरचा टप्पा यासाठी सोयीचा आहे. सॉनिंगच्या बाजूला बोट असेल तर कॅव्हर्शमच्या दिशेने निघावे, केनेटचा संगम ओलांडावा, लॉकच्या बऱ्याच अलीकडे वळावे आणि परत यावे. संगमावर केनेटचे पाणी बाजूने येत असल्यामुळे बोट किंचित ढकलली जाते. घाबरून सुकाणू जोराने फिरवू नये.

नदीवर उजव्या बाजूने जावे आणि समोरून येणारी बोट आपल्या डाव्या अंगाने जाऊ द्यावी. भारतात आणि ब्रिटनमध्ये आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवलेल्या माणसाचा हात येथे सवयीने चुकीकडे जातो, म्हणून चालकाच्या शेजारी बसणाऱ्याने सुरुवातीला तरी मोठ्याने आठवण करून द्यावी. पुलाखाली आणि अरुंद वळणावर प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याने थांबावे, कारण प्रवाहाबरोबर येणाऱ्याला थांबणे कठीण असते. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. पण खरी कसोटी आपल्यामागे उठणाऱ्या लाटेची आहे. ती काठावर फुटू लागली किंवा बांधलेल्या बोटी हलू लागल्या तर वेग जास्त झाला असे समजावे. या टप्प्यात रोइंग करणारी मुले फार असतात. त्यांची पाठ जाण्याच्या दिशेकडे असते, म्हणून ते आपल्याला पाहतील असे गृहीत न धरता आपणच वेग कमी करून सरळ रेषेत राहावे. ऐनवेळी दिशा बदलणारी बोट त्यांच्यासाठी सर्वांत धोक्याची असते.

लॉकमधून जाताना

दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत लॉक घ्यावे, आणि त्याआधी एखाद्या रविवारी नुसते जाऊन काठावर उभे राहून तासभर पाहावे. ऑक्सफर्डच्या वरच्या बाजूला, किंग्ज लॉकपासून पुढे, दारे हाताने ढकलावी लागतात. गॉडस्टो आणि त्याखालील लॉक यंत्रावर चालतात. लॉककीपर असेल तर तो सांगेल तसे करावे, आणि साथीच्या दिवसांत त्याच्यापासून दोन मीटर दूर राहून, त्याच्या हातात दोर न देता, आपले दोर आपणच खुंटाभोवती घ्यावेत. तो नसेल तर ‘सेल्फ सर्व्हिस’ अशी पाटी असते आणि फलकावरील बटणे आपण वापरायची असतात. बटणांना दिवसभर अनेकांचे हात लागतात, म्हणून नंतर हात स्वच्छ करावेत. साथीचा खरा धोका मात्र बटणांपेक्षा, पाच-सहा अनोळखी माणसे त्या फलकाभोवती गप्पा मारत उभी राहत त्यातून अधिक होता.

क्रम असा असतो. लॉकच्या अलीकडील धक्क्याला बोट बांधून एकाने चालत जावे. पलीकडील दारे आणि झडपा बंद आहेत याची खात्री करावी. आपल्या बाजूच्या झडपा उघडाव्यात, दोन्हीकडचे पाणी सारखे होऊ द्यावे आणि मगच दारे उघडावीत. पाणी सारखे होण्याआधी दारे उघडत नाहीत आणि तसा प्रयत्नही करू नये. आत आल्यावर पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर खुंटाभोवती एक वेढा देऊन पुन्हा हातात घ्यावेत, इंजिन बंद करावे आणि लॉकमधून बाहेर पडेपर्यंत दोर हातातून सोडू नयेत. दोराला गाठ मारायची नाही.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ २०२० च्या उन्हाळ्यात, निर्बंध उठल्यानंतरच्या गर्दीच्या दिवसांत, एका लॉकवर लख्ख दिसला. भाड्याच्या बोटीतील एका कुटुंबाने मागचा दोर खुंटाला पक्का बांधला आणि सगळे जण पुढे फोटो काढायला गेले. पाणी उतरू लागले. प्रथम दोर ताठ झाला, मग त्यातून करकर असा आवाज येऊ लागला, मग बोटीची मागची कड वर राहिली आणि पुढचा भाग खाली झुकला. केबिनमधल्या कपबशा घसरत जाऊन आदळल्याचा आवाज काठावर ऐकू आला. ताणलेली गाठ हाताने सुटत नाही आणि ताणलेला दोर कापला तर त्याचे टोक चाबकासारखे उलटते. लॉककीपरने झडपा बंद केल्या, पुन्हा वरून पाणी सोडले, बोट वर आली आणि दोर आपोआप सैल झाला. तेथे लॉककीपर नसता तर तेच काम बटणांपाशी उभ्या असलेल्या माणसाला करावे लागले असते. म्हणून बटणांपाशी असलेल्याने पाण्याकडे नव्हे तर बोटीकडे पाहावे, आणि काही अडले की आधी झडपा बंद कराव्यात, कारण नंतर शोधावे.

खाली उतरताना आणखी एक धोका असतो. वरच्या दारांच्या पायथ्याशी पाण्याखाली काँक्रीटचा उंबरठा असतो आणि पाणी उतरले की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर बोट पुढे झुकून पाण्याने भरू शकते. त्याची जागा दाखवणारी खूण लॉकच्या भिंतीवर असते. मागचा भाग त्या खुणेच्या बराच पुढे ठेवावा. वर चढताना हा प्रश्न नसतो. तेव्हा आत येणाऱ्या पाण्याने बोट पुढेमागे ओढली जाते, त्यामुळे पुढचा दोर विशेष जपावा लागतो. हात किंवा पाय मध्ये घालून बोट भिंतीपासून दूर ढकलण्याचा मोह कितीही झाला तरी ते काम फेंडरवरच, म्हणजे बोटीच्या कडेला लटकवलेल्या मऊ उशांवरच, सोपवावे.

काठाला लागताना

प्रवाहाकडे तोंड करूनच काठाला यावे, म्हणजे प्रवाह बोटीला थोपवतो. प्रवाहाबरोबर जात असाल तर आधी पुढे जाऊन वळावे. पुढचा दोर आधी, मग मागचा, आणि कोणीही उडी मारू नये, पाऊल टाकण्याइतके जवळ आल्यावरच उतरावे. किती वेळ थांबता येते आणि शुल्क किती, हे त्या जागेवरील पाटीवर लिहिलेले असते. काठावरून थेम्स पाथ ही पायवाट जाते. तिच्यावर आडवा दोर ताणू नये. पबच्या अंगणात १२ एप्रिल २०२१ पासून बसता येऊ लागले, पण तेव्हा मागणी टेबलावरच द्यावी लागत होती. चालकाने मात्र पेय नंतरच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

कोणी पाण्यात पडल्यास

प्रथम इंजिन न्यूट्रलमध्ये टाकावे आणि पडलेला माणूस पंख्याजवळ असेल तर बंद करावे. त्याच्यामागे उडी मारू नये. दोर, फेंडर, वल्हे, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाकावे आणि त्याला ओरडून सांगावे की, पोहू नकोस, मागे रेलून तरंग. श्वास ताब्यात येण्यास एक-दीड मिनिट लागते, आणि तेवढा वेळ तरंगत राहणे हेच त्याचे काम. ९९९ वर फोन करून येथे अग्निशमन दलाची मागणी करावी, कारण अंतर्देशीय नदीवर बचावाचे काम तेच करतात. जागा सांगताना कोणत्या दोन लॉकमध्ये आणि कोणत्या पुलाजवळ आहोत, हे सांगता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक लॉक ओलांडले की त्याचे नाव मुलांना वहीत लिहायला लावावे. नदीत तेल सांडलेले किंवा झाड आडवे पडलेले दिसल्यास एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या ०८०० ८० ७० ६० या क्रमांकावर कळवावे.

नदीच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यामुळे हे नाव आपल्याला चांगलेच परिचयाचे आहे. हातापायांवरील जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. साथीच्या काळात एक अडचण जास्तीची असते. या रोगाची सुरुवातही ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी अशीच होते, त्यामुळे घरचे आणि डॉक्टर दोघेही कोरोनाच धरून चालतील. नदीवर जाऊन आल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर कोरोनाची चाचणी करावीच, पण आपण नदीच्या पाण्याच्या संपर्कात आलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पुढचा बेत

हात बसला की सॉनिंगखाली शिपलेक आणि मार्श ही लॉक ओलांडून हेन्लीपर्यंत एका मुक्कामाची फेरी करता येते. हेन्लीचा टप्पा रुंद आणि सरळ असल्यामुळे तेथे बोट वळवण्याचा सराव चांगला होतो. मात्र तेथे हेन्ली रॉयल रिगाटा ही वल्ह्याच्या होड्यांची शर्यत होते. २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२१ मध्ये नेहमीच्या वेळेऐवजी ११ ते १५ ऑगस्टला झाली. शर्यतीच्या आठवड्यात, आणि तिच्या तयारीसाठी त्याआधीही, तेथील पात्राचा बराच भाग शर्यतीसाठी अडवलेला असतो आणि उरलेल्या पट्ट्यात मोठ्या प्रवासी बोटींची दाटी असते. त्या काळात बोट काढणाऱ्या नवशिक्याने उलट दिशेला, कॅव्हर्शम लॉकच्या वर मेपलडरहॅमकडे जावे. तेथे एकाच लॉकचा सराव होतो, गर्दी कमी असते आणि काठावरची जुनी पाणचक्की पाहता येते. ती उघडी आहे की नाही, याची चौकशी मात्र निघण्यापूर्वी करावी.